ऐकणाऱ्याचा वाटा

गीतरामायणातला पहिला श्रोता स्वतः राम आहे. गदिमांनी, म्हणजे ग. दि. माडगूळकरांनी, कथा सुरू केली ती राजसभेत. कुश आणि लव गात आहेत आणि ज्याची ही कथा, तोच ती ऐकत बसला आहे. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्या दोन मुलांना रामासमोर कसं गायचं ते सांगतात. म्हणजे छप्पन्नावं गीत जिथे थांबतं, तिथूनच पहिलं सुरू होतं. रेडिओसाठी लिहायला बसलेल्या कवीने आरंभीच ऐकणाऱ्याला असं मधोमध बसवावं, हे मला त्या रचनेतलं फार मोठं शहाणपण वाटतं.

पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालं. दीड वर्षाने, १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला, केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ही मालिका सुरू झाली. तो शुक्रवार होता. पुढेही दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला एक नवं गीत लागायचं. रामनवमी ते रामनवमी असा बेत, पण त्या वर्षात अधिक महिना आला आणि पुढची रामनवमी १९ एप्रिल १९५६पर्यंत लांबली. बावन्न आठवडे धरून चाललं असतं तर कथा आधीच आटोपली असती. ती पंचांगाबरोबर वाढली आणि गीतं छप्पन्न झाली. रेडिओचं वेळापत्रक आणि चैत्र ते चैत्र चालणारं आपलं वर्ष इतकं एकजीव झाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. गदिमा एकेक गीत लिहीत, संगीतकार सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, चाल बांधत आणि राम वनात निघाला की ऐकणाऱ्याला पुढच्या शुक्रवारपर्यंत वनातच राहावं लागे. आठवडाभर ती कथा घराघरांत मुक्कामाला असे. लोक रेडिओला हार घालून गीत ऐकायला बसत, हे आज सांगितलं तर भाबडं वाटतं. मला त्यात भाबडेपणा दिसत नाही. कीर्तनाला बसताना वीणेला आणि बुवांना नमस्कार करणारी ती माणसं होती. कथा जिथून येते त्या जागेला मान द्यायची त्यांची रीत होती.

ही गीतं रेडिओवर अनेक आवाजांत आली होती. बाबूजी होतेच, पण माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे, राम फाटक असे कितीतरी कंठ त्यात होते. पुढे बाबूजींनी एकट्याने गीतरामायण मंचावर नेलं आणि बहुतेकांच्या कानात तेच राहिलं. एकाच रचनेचे हे दोन जन्म आहेत. आकाशवाणीवर ती संगीत श्रुतिका होती, जिथे प्रत्येक पात्राला आपला गळा होता. मंचावर ती कीर्तन झाली. एकच माणूस सीताही झाला, हनुमानही झाला आणि वाल्मीकीही. यातलं थोर कोणतं, या वादात मला शिरायचं नाही. पण ज्यांनी फक्त एकट्या बाबूजींचं ऐकलं आहे, त्यांनी ते अनेक आवाजांतलं जुनं मुद्रण जरूर ऐकावं. बाईचा आवाज बाईच्या तोंडून आला की सीतेचं दुःख वर्णनातून उठून समोर येतं.

त्याच दशकात पु. ल. देशपांडे पुणे केंद्रावर होते, ग्रामीण कार्यक्रमांचं काम व्यंकटेश माडगूळकरांकडे होतं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीत तेव्हा मराठी बोलण्याचा केवढा कस लागत असेल! बोलणं म्हणजे वाचून दाखवणं नव्हे, हे या मंडळींनी ओळखलं होतं. मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेतले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी हे बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे नुसते आवाज होते. पण घरोघरी त्यांचे चेहरे ठरलेले होते, आणि प्रत्येक घरात वेगळे.

श्रुतिकेतला विनोद ही फार कठीण कला आहे. नाटकात प्रेक्षक हसला की नट थांबतो. हशा ओसरला की पुढचं वाक्य टाकतो. स्टुडिओत तसा आधार नाही. समोर माइक, काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारा, बाकी शांतता. दूर कोणी तरी कणीक मळता मळता हसेल, त्याला हसायला किती वेळ लागेल, याचा अंदाज नटाने मनातल्या मनात घ्यायचा आणि तेवढी जागा रिकामी सोडायची. खोलीही आवाजातूनच बांधायची: पात्र माइकपासून लांब राहून बोलू लागतं, बोलत बोलत जवळ येतं आणि ऐकणाऱ्याच्या मनात ओटी, माजघर, दार सगळं आपोआप उभं राहतं. अर्धं काम नटाचं आणि उरलेलं अर्धं ज्याच्या कानावर ते पडतं त्याचं.

म्हणूनच आज पॉडकास्ट आणि ऑडिओबुक दीडपट वेगाने ऐकण्याची जी सवय लागते आहे, तिचं मला वाईट वाटतं. वेग वाढवला की शब्द आखडतात आणि विरामही आखडतात. बातमीचं त्याने फारसं बिघडत नाही, विनोदाचं मात्र सगळंच बिघडतं. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे आधी अवधान मागतात, मग सुखाचं आश्वासन देतात. तो क्रम उलटा करता येत नाही.

नव्या ऐकण्याने मात्र एक गोष्ट दिली, जी शुक्रवारच्या त्या श्रोत्याला कधीच मिळाली नव्हती. त्याच्या कानावरून तान गेली की गेली. मी मागे जाऊ शकतो. एकच कडवं पुन्हा लावतो तेव्हा चाल कुठे वळली आणि गायिकेने श्वास कुठे घेतला, हे हळूहळू उमगतं. कवितेची ओळ पुन्हा पुन्हा वाचावी तसं आवाजाचं वाचन आता शक्य झालं आहे. आज पुण्यात घरातल्या एखाद्या खोलीत पडदे ओढून मराठी पॉडकास्ट करणारी तरुण मुलंमुली आहेत. त्यांच्यातले चांगले बोलणारे हेडफोन लावलेल्या एका माणसाशी बोलतात, सभेशी नाही. त्यांनी जुन्या श्रुतिका मिळतील तिथून मिळवून ऐकाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

कारण छापील संहितेत आवाजातले थांबे सापडत नाहीत. पु. लं.ची रेडिओवरची भाषणं आणि श्रुतिका पुस्तकरूपाने आल्या आहेत. ज्यांनी पु. ल. ऐकले आहेत, ते ती पानं त्यांच्याच आवाजात वाचतात. वाक्याआधीचा तो किंचित थांबा त्यांना कागदावरही ऐकू येतो. ज्यांनी ऐकलेले नाहीत, त्यांच्यासाठी तिथे फक्त पूर्णविराम असतो. आणि टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायच्या त्या काळात जे पुसलं गेलं, त्याची संहिता हाती आली तरी टेकाडे भावजींसारखा एखादा माणूस नेमका कुठे थांबला होता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.