न रडणारं मूल

भुकेलं मूल रडतं, हे कोणत्याही आईला सांगावं लागत नाही. पण उपासमार फार दिवस चालली की ते रडणं थांबतं. शरीर मिळेल तेवढ्यात भागवायला शिकतं आणि भूकसुद्धा मरते. समोर वाटी धरली तरी मूल तोंड फिरवतं. घरातली आजी सांगते, ‘‘पोरगं काही तरास देत नाही जी, गुपचूप बसून राह्यते.’’ तीव्र कुपोषणात सगळ्यात जास्त भ्यावं ते या गुपचूप बसण्याला.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेलगत झरी जामणी तालुका आहे. इथल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, कापसाची वेचणी लागली की बाया सकाळीच रानात जातात. मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबला. दीड-दोन वर्षांच्या लेकराचं पोट मुठीएवढं. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडंथोडं भरवावं लागतं. ते राहतं आठ वर्षांच्या बहिणीकडे. घरात भाकर असते, वरणही असतं. मांडीवर घेऊन घास कुस्करून भरवणारं माणूस मात्र शेतात असतं. त्यातच पावसाळ्यात हगवणीनं दोन-तीनदा धरलेलं असलं, तर अंगावर काही उरतच नाही.

हे कुपोषण ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. अंगणवाडी सेविकेकडे तीन रंगांची एक पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाला ती गुंडाळायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. मग दोन्ही पावलांवर अंगठा दाबून पाहायचा. खळगा तसाच राहिला, तर अंगावर दिसतं ते बाळसं नाही, सूज आहे. अशा सुजेनं गुबगुबीत दिसणाऱ्या मुलाकडे पाहून फसणारे कमी नाहीत.

पूर्वी दुष्काळात, युद्धात अशा मुलांना छावणीत आणून आठवडेच्या आठवडे ठेवत. गर्दीत रोग पसरत आणि घरच्या बाकी लेकरांना सोडून आया थांबू शकत नसत. 2000 च्या सुमारास स्टीव्ह कॉलिन्स या डॉक्टरांनी आफ्रिकेत दाखवून दिलं, की ज्याला भूक आहे आणि दुसरा आजार नाही, ते मूल घरी राहूनच बरं होऊ शकतं. 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी ही पद्धत मान्य केली. आपल्याकडे कुपोषण कमी करण्यासाठी राजमाता जिजाऊ मिशन 2005 मध्ये सुरू झालं. पुढे अंगणवाडीतच अशा मुलांसाठी ग्राम बालविकास केंद्रं भरू लागली. भूक मेलेल्या, आजारी मुलाला मात्र रुग्णालयच हवं. तिथंही ताट भरून वाढत नाहीत. दर दोन-तीन तासांनी मोजकं, हलकं दूध देतात आणि अंगातली ऊब सांभाळतात, कारण रक्तातली साखर उतरणं आणि गारठा हे पहिल्या दिवसांतले वैरी. तेवढे दिवस आईला मुलाजवळ थांबता यावं म्हणून बुडीत मजुरी देण्याची सोय आहे. मला ती औषधाइतकीच मोलाची वाटते. ती वेळेवर हातात पडायला हवी.

2016 पासून आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी, केळी मिळतात. चांगली योजना. पण वेचणीच्या दिवसांत मुलाला अंगणवाडीपर्यंत आणणार कोण?

म्हणून आज बोलायचं आहे ते शेतमालकांशी. वेचणीला बाया बोलावताना लहान लेकरू सोबत आणू द्या. धुऱ्यावरच्या झाडाखाली सावली आणि प्यायला स्वच्छ पाणी ठेवा. लेकराला भरवायला दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास सुटी द्या. आणि किलोवर मजुरी असली, तरी त्या तासाचे पैसे आईच्या मजुरीतून जाऊ देऊ नका.