अंकुराचा कर्ता

फॉक्सग्लोव्ह ही मूळची युरोपातील वनस्पती वैद्यकात डिजिटॅलिस या नावाने ओळखली जाते. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ साली तिच्या पानांच्या औषधी उपयोगाविषयी ग्रंथ लिहिला, आणि हृदयविकारावरील एक महत्त्वाचे औषध तिच्याच कुळातून पुढे आले. मात्र झाडाचा प्रत्येक भाग विषारी असल्याने बागेत तिचे स्थान केवळ शोभेपुरते राहते. तत्त्वविचाराच्या दृष्टीने तिचे फुलापेक्षा बीच अधिक बोलके आहे. हे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये ती हजारोंनी मावतात. ते मातीखाली दडपले तर उगवत नाही, मातीच्या पृष्ठभागावर उजेडात राहिले तरच रुजते, आणि खोल गाडले गेलेले बी अनेक वर्षे तसेच पडून राहून, वरचे झाड कोसळले किंवा माती उकरली गेली की अचानक अंकुर देते. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा झुबका, मग हिवाळ्याची थंडी आणि त्यानंतर दुसऱ्या वर्षी फुलांचा उंच तुरा असा तिचा द्विवर्षीय क्रम आहे. उजेड देणारा, पाणी घालणारा, वाट पाहणारा माळी या क्रमात नेमका कोणत्या अर्थाने कारण ठरतो, आणि अंकुराचा कर्ता असे कोणाला म्हणावे, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी बीजाच्याच दृष्टांताने शतकानुशतके चर्चिला आहे.

या चर्चेतील सर्वांत सूक्ष्म वाद बौद्ध आणि नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे आचार्य, यांच्यात झाला. कोठारातील बी अंकुर देत नाही आणि शेतातील बी देते, तर ही दोन्ही बीजे एकच आहेत काय, असा तो प्रश्न होता. क्षणभंगवाद मानणारे, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नवी उत्पन्न होऊन नष्ट होते असे म्हणणारे बौद्ध आचार्य असे सांगत की, ज्याच्या ठायी सामर्थ्य आहे ते कार्य करण्यास विलंब लावत नाही. कोठारातील बीज समर्थ असते तर ते तेथेच अंकुरले असते, आणि समर्थ नसेल तर शेतातील समर्थ बीज त्याहून वेगळे मानले पाहिजे. अंकुराच्या लगतपूर्वीच्या क्षणी जे प्रत्यक्ष कार्य करणारे बीज असते, त्याच्या या विशेषाला त्यांनी कुर्वद्रूपत्व असे नाव दिले. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ या ग्रंथात या मताचे खंडन केले. त्यांच्या मते सामर्थ्य बीजत्वातच आहे, विलंब होतो तो सहकारी कारणे, म्हणजे माती, पाणी, उष्णता यांसारखी सोबत लागणारी कारणे जुळलेली नसतात म्हणून. एरवी शेतकऱ्याने कोठारात बियाणे राखून ठेवण्याला अर्थच उरला नसता.

फॉक्सग्लोव्हचे गाडलेले बी प्रथमदर्शनी उदयनांच्या बाजूने साक्ष देते, कारण वर्षानुवर्षे निश्चल राहिलेले तेच बी उजेड हा एकच सहकारी मिळताच जागे होते. तथापि सुप्त बी हे खरोखर निश्चल नसते: त्याचा श्वसनव्यवहार मंद गतीने चालू असतो, ते म्हातारे होत जाते आणि अनेक वनस्पतींमध्ये ऋतूंनुसार त्याची रुजण्याची तयारी वाढते व ओसरते. म्हणून सामर्थ्याच्या प्रश्नात उदयन बरोबर आहेत, पण कोठारातील बी जसेच्या तसे टिकून राहते हा समज तपासून पाहण्याची जी सवय बौद्धांनी लावली, ती अधिक खोल होती असे म्हणावे लागते. सावलीच्या बागेत तर सहकारी कारणाची ही कल्पना आणखी नाजूक होते. झाडांच्या पानांतून गाळून येणारा प्रकाश नुसता कमी नसतो, त्यातील तांबडा भाग पानांनी शोषून घेतलेला असतो, आणि अशा प्रकाशात पुष्कळ बारीक बिया रुजण्याचे थांबवतात; म्हणजे बीजाला केवळ उजेड पुरत नाही, वर दुसऱ्या कोणाचे छत नाही याची खूण लागते.

ओमानच्या आखातावरील फुजैरा या अमिरातीत हे बी पेरले तर काय होईल, याचा विचार केल्यास कारणमीमांसेतील एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. हजर पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या खजुराच्या बागांत सावली आहे. खजुराखाली लिंबू आणि आंबा, त्याखाली जनावरांसाठी लसूणघास अशी उतरंड तेथे परंपरेने लावली जाते. नोव्हेंबरनंतरच्या सौम्य हवेत फॉक्सग्लोव्हचे बी तेथे रुजेलही, परंतु किनाऱ्यावरच्या हिवाळ्यात फुलोऱ्याला लागणारी दीर्घ थंडी मिळत नाही, आणि उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो तेव्हा कोवळे झुबके टिकत नाहीत.

येथे दोन प्रकारचे अपयश एकत्र आले आहे, आणि न्यायदर्शन त्यांची फोड करते. अग्नी समोर असूनही विशिष्ट मणी जवळ ठेवला असता दाह होत नाही, या जुन्या उदाहरणावरून मीमांसकांनी अग्नीत शक्ती नावाचा वेगळा पदार्थ मानला आणि तो मण्यामुळे नष्ट होतो असे म्हटले. नैयायिकांनी शक्ती न मानता प्रतिबंधकाचा अभाव, म्हणजे अडथळा नसणे, हेही कारणसामग्रीतील एक कारण आहे असे ठरवले. फुजैराचे ऊन हा प्रतिबंधक आहे, थंडीचा अभाव ही सहकारी कारणाची उणीव आहे. पहिल्यावर उपाय चालतो, सावली वाढवता येते, पेरणीचा महिना बदलता येतो. दुसऱ्यापुढे माळ्याचे हात थांबतात, किंवा पहिल्याच वर्षी फुलणारे, थंडी न मागणारे वाण शोधण्याकडे त्याला वळावे लागते. धर्मविचारात माणसाच्या प्रयत्नाबद्दल जी मते मांडली जातात, त्यांतील बराच गोंधळ या दोन अपयशांना एकच समजल्यामुळे झालेला आहे.

पातंजल योगसूत्रांच्या चौथ्या पादात याच विषयावर शेतकऱ्याचा दृष्टांत आहे, आणि तो फुजैराच्या भूमीत विशेष समर्पक ठरतो. तेथे सांगितले आहे ते असे की, धर्माधर्मरूपी निमित्त प्रकृतीला हलवत नाही, ते केवळ आवरण फोडते. व्यासभाष्य याचा विस्तार करताना म्हणते की एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी नेऊ पाहणारा शेतकरी पाणी हाताने ओढून नेत नाही, तो बांध फोडतो आणि पाणी आपले आपण वाहते, तसेच पिकाच्या मुळांत रस तो घालू शकत नाही, तण उपटू शकतो. हजर पर्वतातील फलज, म्हणजे डोंगरातील दरीचे अथवा भूगर्भातील पाणी उतारावरून बागांपर्यंत आणणारा पाट, नेमका याच रीतीने चालतो. ओमानमधील अशा पाच फलजांना २००६ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. अमिरातींत पाण्याच्या पाळ्यांवर देखरेख करणाऱ्याला अरीफ म्हणतात. धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत तेच काम पाटकरी करतो, आणि मराठी शेतकरी दारे धरतो तेव्हा त्याचेही कर्तृत्व मातीचे एक ढेकूळ काढण्या-लावण्यापुरते असते. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात हाच दृष्टांत उलट बाजूने घेतला आहे: तेथे साधकाने माळी न होता, माळी नेईल तिकडे मुकाट्याने जाणारे पाणी व्हावे असे सुचवले आहे. दोन्ही दृष्टांतांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही की पाणी मुळात आहे. पतंजलींचा शेतकरी बांध फोडू शकतो, पण ज्या वर्षी डोंगरावर पाऊसच झाला नाही त्या वर्षी बांध फोडून काही मिळत नाही. म्हणून अडथळा दूर करणे म्हणजेच कारण होणे, हे योगमत न्यायाच्या पूर्ण कारणसामग्रीच्या विचाराशिवाय अपुरे राहते.

फुजैराच्या धर्मपरंपरेत अंकुराचा प्रश्न अधिक थेट विचारला गेला आहे. कुराणाच्या सहाव्या सूरेत ईश्वराला दाणा आणि खजुराची आठळी फोडून उगवणारा असे म्हटले आहे, आणि छप्पन्नाव्या सूरेत पेरणाऱ्यालाच विचारले आहे की उगवण त्याच्याकडून होते की ईश्वराकडून. इस्लामी विचारवंत अल-गझाली यांनी अकराव्या शतकाच्या अखेरीस ‘तहाफुत’ या ग्रंथात अग्नी आणि कापूस यांच्या उदाहरणाने असे मांडले की, कारण आणि कार्य यांची संगत दिसते, अनिवार्य बंधन दिसत नाही. दाह घडवणारा ईश्वर आहे. उदयनाचार्यांचा ‘न्यायकुसुमांजली’ हा ईश्वरसिद्धीचा ग्रंथही कार्यावरून कर्त्याकडे जातो: पृथ्वी, अंकुर ही कार्ये आहेत, म्हणून त्यांना कर्ता असलाच पाहिजे. मात्र उदयन सहकारी कारणांचे सामर्थ्य मान्य ठेवून ईश्वराला निमित्त कारण, म्हणजे घट घडवणाऱ्या कुंभारासारखे कारण मानतात, तर गझालींच्या विचारात मातीला आणि पाण्याला स्वतःचे असे काही करता येत नाही. माळ्याच्या अनुभवाशी उदयनांचे मत अधिक जुळते, कारण कोणत्या कारणाची उणीव आहे हे शोधण्याचा उद्योग त्यातच सार्थ होतो.

उदयनांच्या अनुमानावर प्रतिपक्षाने घेतलेला जुना आक्षेप असा की, रानात न पेरता उगवलेल्या अंकुराला कोणताही कर्ता दिसत नाही. या आक्षेपाचे जिवंत उदाहरण फुजैरात आहे. २००९ साली संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झालेल्या आणि पुढे जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालेल्या वाडी वुरय्याच्या दरीत पाण्याच्या झिरपांजवळ, खडकांच्या ओलसर सावलीत, एपिपॅक्टिस व्हेराट्रिफोलिया नावाचे ऑर्किड आढळते. संयुक्त अरब अमिरातीत रानटी स्थितीत वाढणारे तेवढे एकच ऑर्किड ज्ञात आहे. ऑर्किडच्या बीमध्ये अन्नसाठा नसल्याने मातीतील विशिष्ट बुरशीने अन्न पुरवल्याखेरीज ते रुजतच नाही, आणि याचे फूल माव्याच्या किडीसारखा गंध सोडून मावा खाणाऱ्या अळ्यांच्या माश्यांना फसवते व परागीभवन करून घेते. झिरपणारे पाणी, बुरशी, माशी, खडकाची सावली हे सर्व सहकारी येथे जमले आहेत, आणि त्यांना जमवणारा माळी नाही. ही जुळणी पाहून उदयन कर्त्याचे अनुमान बळकट झाले असे म्हणतील, विक्रमशील येथील बौद्ध आचार्य रत्नकीर्ती ते मोडले असे म्हणतील. तर्काच्या पातळीवर हा प्रश्न अनिर्णित राहतो, कारण दोघेही जे सिद्ध करायचे त्याचाच आधार घेतात. सोलापूर जिल्ह्यातील अरण या गावी मळा राखणाऱ्या सावता माळ्यांनी अनुमानाची ही वाटच घेतली नाही, भाजीच्या वाफ्यातच विठ्ठल पाहिला; त्यांच्या भक्तीला अंकुरावरून कर्ता सिद्ध करण्याची गरज नव्हती.

माणसाच्या वाट्याला येणाऱ्या कर्तृत्वाचे मोजमाप मात्र भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सापडते, जेथे कोणत्याही कर्माला अधिष्ठान, कर्ता, साधने, विविध प्रयत्न आणि दैव अशी पाच कारणे सांगितली आहेत आणि केवळ स्वतःला कर्ता मानणाऱ्याची दृष्टी सदोष ठरवली आहे. या श्लोकांचे विवरण बहुधा अहंकाराच्या निरसनासाठी केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. फुजैरातील सावलीत एखाद्याने मातीवर अलगद बी भुरभुरले, उजेड राखला, खालून ओल दिली, आणि तरीही झुबके फुलोऱ्यावर आलेच नाहीत, तर पाचांपैकी चार कारणे त्याने निष्ठेने जुळवली होती आणि पाचवे, दैवाचे, म्हणजे येथे थंडीचे, त्याच्या हाती नव्हते. ज्या न्यायाने फुलाचे श्रेय एकट्या माळ्याचे नाही, त्याच न्यायाने न फुललेल्या रोपाचा दोषही एकट्या माळ्यावर येत नाही, आणि गीतेतील ती पाच कारणे अभिमानाइतकीच अपराधभावनेलाही लागू करून वाचणे आवश्यक आहे.