क्षमा की मुदत?

आपल्या मंडळ्यांतून पापक्षमेविषयी जितके बोलले जाते तितके दुसऱ्या कोणत्याही गोष्टीविषयी क्वचितच बोलले जात असेल. तरी क्षमा पावलेल्या मनुष्याच्या मुखावर जो आनंद दिसावा, तो आपल्यांत किती थोडा दिसतो! असे का व्हावे? आणि याहून कठीण असा दुसरा प्रश्न: ज्याचा आपण अपराध केला तो अद्याप नुकसान सोशीत असता, देवाने क्षमा केली म्हणून आपण आनंद करावा, हे न्याय्य आहे काय?

आमच्या सेवेच्या आरंभीच्या वर्षांतली गोष्ट आहे. ज्यांची ती आहे ती दोघेही आता हयात नाहीत, म्हणून लिहितो. एका खेड्यात प्रभुभोजनाची उपासना आटोपल्यावर एक वृद्ध शेतकरी मागे थांबला व म्हणाला, "पाळकसाहेब, मी रोज क्षमा मागतो. देव क्षमा करतो हेही मानतो. मग भजनाच्या वेळी माझ्या तोंडून शब्द का फुटत नाही?" आम्ही म्हटले, "बाबा, विश्वास वाढवा." हे उत्तर देण्यास काही खर्च लागत नाही. म्हातारा मान हलवून निघून गेला. ते आठवले की आमची आम्हांस लाज वाटते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातील निर्दय चाकराचा दृष्टांत आपणांस ठाऊकच आहे. त्या चाकराकडे राजाचे दहा हजार तलांत येणे होते. एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि दिनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी! वर्षातून ३०० दिवस राबणाऱ्यास ती फेडण्यास दोन लक्ष वर्षे लागतील. आणि हा भला मनुष्य राजाच्या पाया पडून काय मागतो? मुदत! राजाने मुदत दिली नाही. सगळे कर्जच सोडून दिले. परंतु ते चाकराच्या कानांत शिरलेच नाही, असे आम्हांस वाटते. तो बाहेर पडला तो मुदत वाढवून मिळालेल्या कुळासारखा. म्हणून तर शंभर दिनारांसाठी, म्हणजे शंभर दिवसांच्या मजुरीसाठी, त्याने सोबत्याची नरडी धरली. ज्याला अजून फेडावयाचे आहे, त्याला वसुली करणे भागच असते. हा आमचा तर्क आहे खरा. पण त्या चाकराने आनंद केला असे दृष्टांतात कोठेही लिहिलेले नाही.

आपल्यांतील कितीएक जण दर रविवारी देवाजवळ मुदतच मागत असतात!

पुढच्या पेरणीपूर्वी तो म्हातारा पुन्हा आमच्याकडे आला. थोरला भाऊ वारल्यापासून तो दर वर्षी नांगरताना वहिनीच्या शेताचा बांध कोरीत आला होता. एका वर्षी एक तास, अशी अठरा वर्षे. प्रार्थनेत तो 'मी पापी आहे' असे म्हणे, पण बांधाचे नाव त्याने कधी घेतले नव्हते. स्तोत्र ३२ यात दाविदाने लिहिले आहे की, पाप दडवून गप्प राहिलेल्याची हाडे झिजतात. म्हाताऱ्याचे तसेच झाले होते. त्या दिवशी त्याने बांधाचे नाव घेतले. तो पुष्कळ रडला, आणि रडता रडताच हसू लागला. डोईवरचा भारा कोणी उतरून घ्यावा तसा. बांधाचे काय करावे हे आम्ही त्यास सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो व त्याचा मुलगा कुदळ-फावडे घेऊन जुन्या बाभळीच्या खोडापासून नवा बांध घालू लागले.

लूक १९ यात जक्कयाचेही असेच झाले. तो उंबरावरून उतरला, आणि त्याने प्रभूला आनंदाने घरी नेले. परतफेडीचा शब्द त्यानंतरचा. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे (गणना ५) आपण होऊन पाप पदरी घेणाऱ्याने मुद्दल व वर पाचवा हिस्सा दिला म्हणजे पुरे होते. जक्कयाने चौपट देऊ केले, आणि अर्धी मालमत्ता गरिबांस. खिन्न मनुष्य हिशेब पाचव्या हिश्शावर थांबवितो.

तेव्हा त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आम्ही इतकेच म्हणू: म्हाताऱ्याच्या अठरा वर्षांच्या खिन्नतेने वहिनीच्या कणगीत एक दाणाही पडला नाही. एका रात्रीच्या आनंदाने बांध हलला.

पण वहिनी म्हणाली, "बांध मागं आला भावजी. अठरा वर्षांची ज्वारी कुठं आहे? माझी लेकरं अर्ध्या भाकरीवर निजली, त्या राती कुठं आहेत?" यावर त्याजपाशी उत्तर नव्हते, आणि आमच्यापाशीही नव्हते. पुढे तो दर सुगीस तिच्या दारी धान्य पोहोचवी. ती ते ठेवून घेई, पण बोलत नसे. मंडळीतील काही वडील आम्हांस म्हणाले, "बाईस शंभर दिनारांचा दृष्टांत ऐकवा." आम्ही नाही म्हटले. अपराध्याने आपल्या क्षमेची पावती दाखवून दुखावलेल्याकडून दुसरी पावती मागावी, असे शास्त्र आम्हांस कोठे दिसले नाही. दाविदाने पाप कबूल केले तेव्हा नाथानाने त्यास त्याच घडीस क्षमा कळविली; तरी उरीया उठून आला नाही, आणि लेकरूही वाचले नाही. ५१ व्या स्तोत्रात तोच दावीद तारणाचा आनंद परत मागतो. इतके रक्त पाहिलेल्या मनुष्याने आनंद मागावा, याचे आम्हांस पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही.

म्हातारा त्यानंतर चार वर्षे जगला. उपासनेत तो बेसूर पण मोठ्याने गात असे. वहिनी बायकांच्या बाजूस ओठ मिटून बसे. त्याच्या अंत्यविधीस ती आली, मूठभर माती टाकली, आणि घरी जाताना बांधावरून न जाता वळसा घेऊन रस्त्याने गेली.