करवंदाची जाळी

आमच्या विहिरीच्या काठाला सात दगड आहेत, शेंदूर माखलेले. आजी त्यांना आसरा म्हणायची. अप्सरा हा शब्दच लोकांच्या तोंडी झिजून आसरा झाला, हे मी पुढे कधीतरी वाचलं. आजीला मात्र इंद्राच्या दरबाराशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या लेखी त्या पाण्यावर राहणाऱ्या सात बहिणी होत्या. घरातली बाळंतीण पहिल्यांदा पाण्यावर जायची तेव्हा आधी त्यांची ओटी भरली जायची. खण, नारळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. दगडांमागे करवंदाची जाळी होती, तिला कोयता लावायचा नाही हा आजीचा दंडक. पावसाच्या तोंडावर सरपण अपुरं पडलं तरी नाही. "ती त्यांची जागा," एवढंच सांगायची.

मागच्या आठवड्यात कुंपणाची भिंत बांधायला काढली. गवंडीदादांनी दोरी ताणली आणि म्हणाले, "ताई, ही जाळी आडवी येते. काढून टाकू? भिंत सरळ जाईल." मला पटकन उत्तर देता आलं नाही. उद्या सांगते, म्हटलं.

रात्री फिंडहॉर्न आठवलं. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं हे गाव. नोव्हेंबर १९६२ मध्ये पीटर आणि आयलीन कॅडी, त्यांची तीन मुलं आणि डोरोथी मॅक्लीन तिथल्या कॅरॅव्हॅन पार्कात राहायला आले. हॉटेलातली नोकरी गेलेली, हाती पैसा नाही आणि पायाखाली समुद्राची वाळू. त्या वाळूत भाजी पिकवायची म्हणून पीटर समुद्रातलं शेवाळ, घोड्याची लीद, कापलेलं गवत गोळा करत. डोरोथी रोज ध्यानाला बसत. १९६३ मध्ये एकदा वाटाण्याच्या रोपावर मन लावून बसल्या असताना त्या रोपामागचं चैतन्य आपल्याशी बोलतं आहे, असा अनुभव त्यांना आला. त्या चैतन्याला त्या 'देव' म्हणू लागल्या. शब्द आपलाच. थिऑसॉफीच्या ग्रंथांतून तो तिकडे पोचला होता. पुढे तिथल्या कोबीच्या अजस्र गड्ड्यांच्या कथा जगभर गेल्या. मला त्या कोबींपेक्षा तिथली दुसरी एक हकिगत जवळची वाटते.

बागेपाशी गॉर्सची काटेरी झुडपं होती, पिवळ्या फुलांनी डवरलेली. वाढ फार झाली म्हणून पीटरनी ती ऐन बहरात छाटली. त्यांचे मित्र ओगिल्वी क्रॉम्बी यांना निसर्गातले अदृश्य जीव दिसत, असं ते सांगत. ते भेटीला आले तेव्हा बागेतले सगळे चिमुकले रहिवासी रागावून निघण्याच्या बेतात आहेत, असं त्यांना जाणवलं. मग पीटरनी झुडपांपाशी जाऊन माफी मागितली. बागेचा एक तुकडा माणसाने हात न लावता सोडावा, तो त्यांचा, असा क्रॉम्बींचा आग्रह असे.

मी परी कधी पाहिलेली नाही. पण फुललेलं झुडूप तोडलं म्हणून माफी मागणारा माणूस मला खरा वाटतो. हल्ली बागेत मांडायला परीचे पुतळे, इवली इवली दारं, चमचमते दिवे मिळतात. लहान मुलं त्यात रमतात, रमू देत. आपण मात्र गौरीचं आवाहन करतो तेव्हा आधी घर झाडतो, उंबऱ्यापासून आतवर पावलं काढतो, वाटेतलं सामान उचलतो. जी दिसत नाही तिच्या येण्यासाठी वाट मोकळी करतो. हे एक दिवस जमतं. बारा महिने जागा सोडणं जड जातं, कारण ती आपल्याच वाट्यातून जाते.

आयर्लंडमधली माणसं ती सोडत आली आहेत. तिथे पऱ्यांचं नावही जपून घेतात, त्यांना 'भली माणसं' म्हणतात. आपल्या आयाबायांनी अंगावर फोड आणणाऱ्या रोगालाही 'देवी' म्हटलं, तशीच ही रीत. शेतात एकटंच वाढलेलं हॉथॉर्नचं झुडूप तिथले जुने शेतकरी तोडत नाहीत. १९९९ साली क्लेअर परगण्यात लाटून नावाच्या ठिकाणी नवा रस्ता अशाच एका झुडपाच्या मुळावर आला होता. मन्स्टर प्रांतातल्या पऱ्या कॉनाक्ट प्रांतातल्या पऱ्यांशी लढायला निघतात तेव्हा त्या झुडपापाशी जमतात, अशी तिथली समजूत. एडी लेनिहान या लोककथा सांगणाऱ्याने आवाज उठवला, आणि रस्ता झाला तरी झुडूप राहिलं. पुढे कुणीतरी करवतीने त्याच्या फांद्या उतरवल्या. तरी ते पुन्हा फुटलं.

सकाळी उठून जाळीपाशी गेले. आत दोन बुलबुल सारखे ये-जा करत होते. खाली पानांच्या थरात काहीतरी सळसळलं आणि गप्प झालं. किती वर्षांत मी इथे नुसती उभी राहिले नव्हते. विहिरीवर पंप बसल्यापासून काठाशी यायचं कारणच उरलं नव्हतं.

गवंडीदादा आले तेव्हा म्हटलं, "जाळी राहू दे. भिंत वळवून घ्या." त्यांनी दगडांकडे एकवार पाहिलं, काही विचारलं नाही. दोरी सोडली आणि दोन हात आतून पुन्हा ताणली. त्या वळणाला विटा जास्त लागल्या, कामही एका दिवसाने लांबलं.

आजी गेल्यापासून त्या सात दगडांना कुणी बांगड्या वाहिल्या नव्हत्या. काल बाजारातून डझनभर आणल्या, हिरव्या.