कूपर कपचे अकरा कोटी

जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्स या अमेरिकन फुटबॉल संघाने आपला रिसीव्हर कूपर कप याचा करार वाढवला. पाच वर्षांचे मिळून अकरा कोटी डॉलर, त्यातले साडेसात कोटी हमीचे. कप तेव्हा एकोणतिशीला टेकला होता. आदल्या हंगामात त्याने १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन केले होते. तिन्ही रकान्यांत तो एनएफएल या लीगमध्ये पहिला होता आणि फेब्रुवारीत सुपर बोल या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला होता. करारानंतरच्या तीन हंगामांत तो ५१ पैकी ३३ सामने खेळला आणि त्याने २,२५९ यार्ड जमवले. म्हणजे तीन वर्षांची मिळकत त्या एका वर्षाहून जेमतेम तीनशे यार्डांनी जास्त. मार्च २०२५ मध्ये रॅम्सने त्याला मोकळं केलं.

एवढ्यावर हिशेब मिटवायचा तर निकाल उघड आहे : पैसे वाया गेले. अमेरिकेतले चाहते आणि समालोचक दर वसंतात कुठल्या ना कुठल्या मुरलेल्या रिसीव्हरबद्दल हाच निकाल देतात, आणि बहुतेकदा आकडे त्यांच्या बाजूने असतात. तरीही मला हा निकाल पटत नाही. कपला दिलेला पैसा मला रास्त वाटतो आणि नंतर त्याला सोडणंही समजण्यासारखं वाटतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे पाहायचं तर तो पैसा नेमका कोणत्या कामाचा होता, हे आधी विचारायला हवं.

रिसीव्हरचं काम लांबून सोपं दिसतं. ठरलेल्या मार्गाने पळायचं, पाठलाग करणाऱ्याला चकवायचं, क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलायचा. यात वेगाला मोठा भाव असतो, आणि कपकडे नेमका तोच बेताचा. महाविद्यालयीन खेळाडूंच्या चाचणीत चाळीस यार्ड पळायला त्याला ४.६२ सेकंद लागले. या जागेवर खेळणाऱ्याला हा वेळ मिरवण्यासारखा नाही. ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगच्या वार्षिक खेळाडू-निवडीत, तो ६९ वा निवडला गेला, तेही ईस्टर्न वॉशिंग्टनसारख्या फारसं नाव नसलेल्या विद्यापीठातून. त्याची ताकद होती समोरच्या बचावाची मांडणी वाचण्यात आणि पळता पळता मार्ग बदलण्यात. शिवाय रॅम्सचे प्रशिक्षक शॉन मॅक्वे यांच्या पद्धतीत रिसीव्हर कडेला न थांबता मधल्या रांगेजवळ उभे राहतात आणि स्वतःपेक्षा अंगापिंडाने मोठ्या खेळाडूंना अंगावर घेऊन सहकाऱ्याला वाट करून देतात. हे काम यार्डांच्या रकान्यात कुठेच दिसत नाही.

१३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री, सुपर बोलमध्ये, मात्र सगळं दिसलं. सिनसिनाटीविरुद्ध रॅम्स १६-२० असे मागे. दुसरा मोठा रिसीव्हर रॉबर्ट वुड्स नोव्हेंबरपासून जायबंदी, तिसरा ओडेल बेकहॅम त्याच सामन्यात गुडघा धरून बाहेर गेलेला. चेंडू कपकडेच येणार, हे स्टेडियममधल्या प्रत्येकाला कळत होतं. शेवटच्या ७९ यार्डांच्या वाटचालीत चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला एक यार्ड हवा असताना चेंडू हाती घेऊन तो स्वतः सात यार्ड पळाला, चार झेल घेतले, आणि एक मिनिट पंचवीस सेकंद उरले असताना विजयी टचडाउन केला. त्या रात्रीची किंमत कोणत्या पगारात मोजायची?

कप २०१७ मध्ये आला तेव्हा चार वर्षांचे मिळून त्याला चाळीस लाख डॉलरांच्या आसपास मिळायचे होते. अपुरा वाटला म्हणून तो पगार वाढवून मागण्याची सोय नव्हती. २०११ मध्ये मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात झालेल्या करारानुसार नवख्यांचा पगार निवडीच्या क्रमांकावरूनच ठरतो, आणि तीन हंगाम होईपर्यंत त्यावर पुन्हा बोलणी करता येत नाहीत. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे सात कोटी ८० लाख डॉलर मिळाले होते, त्यातले पाच कोटी हमीचे. दुसऱ्याच वर्षी त्याच क्रमांकावरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे दोन कोटी २० लाख. एका वर्षात एवढा फरक पडला, तो खेळात नव्हे, नियमात. मैदानावर काही सिद्ध न केलेल्या पोरांवर खर्च होणारा पैसा कर्तबगारी दाखवलेल्यांकडे वळावा, असं समर्थन तेव्हा दिलं गेलं आणि संघटनेतल्या जुन्या खेळाडूंना ते पटलं.

याचा अर्थ असा, की या लीगमध्ये माणूस अंगात सगळ्यात जास्त दम असताना सगळ्यात कमी पगारावर राबतो. कपने तिसऱ्या हंगामात ९४ झेल आणि १,१६१ यार्ड केले, ते त्या चाळीस लाखांतच. त्याआधी २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, तोही त्या चाळीस लाखांतच. २०२० मध्ये तीन वर्षांचा सुमारे पावणेपाच कोटींचा करार झाला, तेव्हा कुठे त्याला बाजारभाव मिळू लागला. सगळ्यात मोठा करार पदरात पडतो तोवर कपसारखा रिसीव्हर अठ्ठावीस-तिशीचा झालेला असतो आणि मांडीचे स्नायू, घोटे कुरकुरायला लागलेले असतात. करारावर तारीख पुढची असते, पैसा मागचा असतो. आपल्याकडे वेतन आयोग लागू झाला की मागच्या वर्षांची थकबाकी हप्त्याहप्त्याने खात्यावर जमा होते. ती घेणाऱ्या कर्मचाऱ्याला कुणी विचारत नाही, की या महिन्यात तू एवढ्या रकमेचं काम केलंस का? कपचे अकरा कोटी बऱ्याच अंशी अशी थकबाकी होती, म्हणून २०२३ च्या यार्डांनी ती तोलणं मला चुकीचं वाटतं.

या युक्तिवादावरचा सगळ्यात कडक आक्षेप मला ठाऊक आहे. सरकारी थकबाकी तिजोरीतून येते. कपची थकबाकी कोणाच्या खिशातून येते? मालकाच्या नव्हे. एनएफएलमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा असते. २०२२ मध्ये ती २० कोटी ८२ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. आयपीएलच्या लिलावातली पर्स आपल्या ओळखीची आहे, तशीच ही. पण हिशेबाची एक गंमत इथे जास्तीची आहे. करारावर सही करताना दिलेला बोनस खेळाडूच्या खात्यात लगेच जातो, मर्यादेच्या हिशेबात मात्र तो पाच वर्षांपर्यंत पसरवता येतो. आज पैसे द्यायचे आणि खर्च पुढच्या वर्षांवर टाकायचा. खेळाडूला मधेच सोडलं, तर उरलेला सगळा भार एकदम अंगावर येतो. त्याला तिथे ‘डेड मनी’ म्हणतात. कपला सोडल्यावर २०२५ च्या हिशेबात रॅम्सच्या माथी दोन कोटी डॉलरांहून जास्त असा मृत पैसा बसला, तोही विरुद्ध संघाकडून खेळणाऱ्या माणसापायी, कारण कप लगेच त्याच विभागातल्या सिॲटलला जाऊन मिळाला. तीन वर्षांचे साडेचार कोटी. यॅकिमा हे त्याचं गाव तिथून फार लांब नाही, हा त्याला वरचा लाभ.

म्हणजे थकबाकी फेडली ती सहकाऱ्यांनी. सगळ्यात जास्त फेडली ती पुका नाकुआने. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये हा मुलगा १७७ वा निवडला गेला. त्या हंगामाच्या सुरुवातीला कप मांडीच्या दुखापतीने चार सामने बाहेर होता. नाकुआने ती जागा घेतली आणि वर्षअखेर १,४८६ यार्ड करून नवख्यांचा १९६० पासून टिकलेला विक्रम मोडला. त्याचा करार? चार वर्षांचे चाळीस लाखांच्या आसपास. सहा वर्षांपूर्वी कपचा होता, जवळपास तेवढाच. दरम्यान संघाची पगारमर्यादा मात्र १६ कोटी ७० लाखांवरून २२ कोटी ४८ लाखांवर गेली होती. रॅम्सला कपचा करार परवडला, याचं एक मोठं कारण नाकुआचा तुटपुंजा पगार होता. एकाला आधी नाडायचं आणि मग त्याची भरपाई दुसऱ्याला नाडून करायची, अशी ही साखळी आहे. माझा राग कपवर नाही आणि रॅम्सच्या हिशेबनिसांवरही नाही. २०११ चा तो नियम मात्र मला अन्यायाचा वाटतो. त्याचा लाभ मधल्या फळीतल्या मुरलेल्या खेळाडूंनाही झाला नाही, कारण नवखा इतका स्वस्त झाल्यावर बत्तिशीच्या साध्या, भरवशाच्या खेळाडूला ठेवायचं कशाला, असा विचार संघ करू लागले.

मग कपला सोडलं ते वयामुळे का? तसं समजणाऱ्यांनी रॅम्सने त्याच आठवड्यांत काय केलं ते पाहावं. त्यांनी दावांते ॲडम्सला दोन वर्षांच्या चार कोटी ४० लाखांवर घेतलं. ॲडम्सचा जन्म डिसेंबर १९९२ चा, कपचा जून १९९३ चा. एकतीस वर्षांचा काढून बत्तीस वर्षांचा आणला! ॲडम्सने २०२४ मध्ये दोन संघांकडून मिळून १,०६३ यार्ड केले होते, आणि मैदानाच्या कडेला एकट्याने पाठलाग करणाऱ्याला चकवणं हे त्याचं खास कसब. नाकुआ आणि कप दोघेही मधल्या पट्ट्यातले. तेच काम करणारे दोघे, एक स्वस्त आणि चढता, दुसरा महाग आणि उतरता. अशा वेळी वेगळ्या प्रकारच्या कामाचा माणूस आणणं शहाणपणाचंच होतं. फेब्रुवारीत कपने स्वतःच जाहीर केलं, की संघ त्याला दुसरीकडे पाठवू पाहतोय आणि हा निर्णय त्याला मान्य नाही. त्याच्या जागी कोणालाही असंच वाटलं असतं.

कामाचा हा मुद्दा मला वयापेक्षा मोठा वाटतो, आणि त्याची सगळ्यात चांगली साक्ष ॲरिझोनाचा लॅरी फिट्झजेराल्ड देतो. २०११ मध्ये त्याने आठ वर्षांचा बारा कोटींचा करार केला. २०१४ मध्ये त्याचे ७८४ यार्ड झाले, आणि पुढच्या वर्षी पगारमर्यादेच्या जवळजवळ सहाव्या हिश्शाएवढा त्याचा भार संघावर पडणार होता. त्याला सोडावं, असं म्हणणाऱ्यांचं गणित चुकलेलं नव्हतं. संघाने मात्र फेब्रुवारी २०१५ मध्ये जुना करार मोडून दोन वर्षांचा दोन कोटी २० लाखांचा, पूर्ण हमीचा करार केला. प्रशिक्षक ब्रूस एरियन्स यांनी त्याला कडेवरून आत, मधल्या पट्ट्यात खेळवायला घेतलं होतंच. बत्तिशीत त्याने १०९ झेल घेतले, १,२१५ यार्ड केले, आणि पुढची दोन वर्षंही शंभराच्या वरच झेल घेतले. खेळाडू तोच होता. त्याचा पगार बदलला आणि उभं राहण्याची जागा बदलली. सॅन फ्रान्सिस्कोने २००१ मध्ये अडतिशीच्या जेरी राइसला जाऊ दिलं, तेव्हा त्यांचीही पगारमर्यादेची अडचण खरी होती. राइसने शेजारच्या ओकलंडकडून पुढचे दोन्ही हंगाम हजार यार्डांच्या वर नेले.

अर्थात फिट्झजेराल्डच्या गोष्टीला शेपूटही आहे. २०२० मध्ये, शेवटच्या हंगामात, एक कोटी दहा लाखांवर त्याने ५४ झेल आणि ४०९ यार्ड केले. ते पैसे मात्र मी थकबाकीत धरणार नाही. तोवर त्याचं येणं पुरतं फिटलं होतं. तो निव्वळ मान होता. संघाने असा मान द्यावा, पण त्या वर्षी त्याला हिशेब म्हणू नये.

आता पाळी नाकुआची. तीन हंगाम पुरे झाले, की २०२५ च्या हंगामानंतर नव्या करारावर बोलण्याचा त्याला हक्क मिळतो. तेव्हा तो पंचविशीच्या आतला. मी रॅम्सच्या जागी असतो, तर त्याच महिन्यात सही घेतली असती आणि पैशाचा मोठा भाग पहिल्या दोन वर्षांच्या हिशेबातच दाखवला असता, बोनस पाच वर्षांवर न पसरवता. दम आहे तोवरच पैसा पोहोचला, तर एकतिसाव्या वर्षी त्याला कुणी थकीत कर्ज म्हणणार नाही. संघ असं करायला सहसा धजत नाहीत. बोनस पसरवला की यंदा एक जादा बचावपटू घेता येतो, आणि उरलेला भार पुढे जो खुर्चीत असेल त्याच्या गळ्यात पडतो. रॅम्सचे व्यवस्थापक लेस स्नीड २०१२ पासून त्या खुर्चीत आहेत, म्हणून कपच्या कराराची सही आणि त्याची परतफेड दोन्ही त्यांनाच करावी लागली. बहुतेक व्यवस्थापकांना तितकी मुदत मिळत नाही.