पाचवे कारण: पन्हाळा–विशाळगडाची वाट आणि अनिश्चिततेचा स्वीकार

प्रवासात येणारी विघ्ने आणि अनिश्चितता यांचा मनःपूर्वक स्वीकार करावा, हा उपदेश भारतीय धर्मविचारात वारंवार आढळतो. तथापि हा स्वीकार म्हणजे प्रयत्न संपल्यावर उरणारी हतबलता आहे की तो प्रयत्नाचेच एक अंग आहे, याचा निर्णय झाल्याशिवाय त्या उपदेशाचे मोल ठरत नाही. या प्रश्नाच्या विचारासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा ते विशाळगड ही डोंगरवाट विशेष उपयुक्त आहे. कारण १६६० साली तिच्यावरून झालेला शिवाजी महाराजांचा प्रवास असो की त्याच्या स्मरणार्थ आज दर जुलैत निघणाऱ्या पदभ्रमंती मोहिमा असोत, पाऊस, धुके, चिखल आणि फुगलेले ओढे हे या वाटेवरचे अपवाद नसून तिची नित्याची स्थिती आहेत.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता म्हणजे ते करणारा, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे नानाविध हालचाली, आणि पाचवे दैव. शंकराचार्यांनी दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता असा अर्थ केला, तर लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त, माणसाच्या हाती नसलेले परंतु त्याच्या कार्याला अनुकूल व्हावे लागणारे सृष्टीचे व्यापार, या अंगाने त्याचा विचार केला. अर्थ कोणताही घेतला तरी एक गोष्ट स्पष्ट राहते: गीतेने दैवाला प्रयत्नाबाहेरून येणारे संकट न मानता उरलेल्या चार कारणांच्याच पंक्तीत बसवले आहे. अपयशात जसा दैवाचा वाटा असतो तसाच तो यशातही असतो, आणि म्हणूनच केवळ स्वतःला कर्ता समजणाऱ्याची बुद्धी अपरिपक्व आहे, असे गीता लगेच पुढे सांगते.

या पाच कारणांचा परस्परसंबंध १६६० च्या घटनेत स्पष्ट दिसतो. त्या वर्षीच्या मार्चपासून आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने, शिवाजी महाराज गडावर असताना, पन्हाळ्याला घातलेला वेढा पावसाळा आला की ढिला पडेल, ही अपेक्षा खोटी ठरली. सिद्दीने पावसातही वेढा टिकवला आणि राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले. अशा वेळी शिवाजी महाराजांनी ज्या पावसावर आशा ठेवली होती त्याच पावसाचा आडोसा घेतला आणि १२ जुलैच्या रात्री निवडक मावळ्यांसह गड सोडला. परंपरेनुसार महाराजांचा वेश घेतलेले शिवा काशीद दुसऱ्या पालखीतून वेगळ्या वाटेने गेले, पाठलाग जवळ आला तेव्हा बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे सैनिक घोडखिंडीत, म्हणजेच आजच्या पावनखिंडीत, पाय रोवून उभे राहिले, आणि इतके करूनही विशाळगडाच्या पायथ्याशी सूर्यराव सुर्वे व जसवंतराव दळवी यांचा वेढा फोडावाच लागला. येथे अनिश्चिततेचा स्वीकार दिसतो तो योजनेच्या अभावात नव्हे, तर योजनेच्या रचनेत: मुक्कामाचे ठिकाणही सुरक्षित असेलच असे न धरता प्रत्येक टप्प्यावर नव्याने निर्णय घेण्याची तयारी या प्रवासात अंगभूत होती.

आज मसाई पठार ओलांडून वाड्यावस्त्यांमधून पावनखिंडीकडे दोन दिवस चालणाऱ्यांसाठी प्रसंगाचे गांभीर्य तितके नसले, तरी तत्त्व तेच लागू पडते. धुक्यात वाट चुकणे, भिजलेली शिधासामग्री, ओढ्याला पाणी आल्यामुळे लांबलेला मुक्काम, यांना भक्तिपरंपरा प्रसादबुद्धीने पाहण्यास शिकवते. प्रसादबुद्धी म्हणजे जे वाट्याला आले ते ईश्वराकडून आलेले मानून तक्रारीविना घेणे. ही वृत्ती श्रेष्ठ खरी, परंतु तिला क्रमाचे बंधन आहे. पहिली चार कारणे आपल्याकडून पूर्ण झाल्यावर जे उरते त्यालाच दैव म्हणता येते. हवामानाचा इशारा न पाहता, दोर व वाटाड्या न घेता, नवख्या माणसांना वाहत्या ओढ्यात उतरवणे आणि मग घडलेल्या अपघाताला ईश्वरेच्छा म्हणणे, हा दैवाचा स्वीकार नसून स्वतःच्या कर्तव्याचा त्याग आहे. उलट २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीने पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला, तशा प्रसंगी मोहीम थांबवून मागे फिरणे हाच खरा स्वीकार होय; कारण त्यात डोंगर आपल्या संकल्पाला बांधलेला नाही, हे मनाने मान्य केलेले असते.

याहून महत्त्वाची मर्यादा नैतिक आहे. माणूस स्वतःच्या वाट्याचे कष्ट स्वीकारू शकतो, दुसऱ्याच्या वतीने मात्र ते स्वीकारू शकत नाही. आणि डोंगरवाटेवरची अडचण क्वचितच एकट्याची राहते. भिजून आलेल्यांना रात्री ओसरी आणि चूल देणारे घर, जखमी माणसाला खांद्यावरून उतरवणारे गावकरी, सर्वांत मंद चालणाऱ्यासाठी थांबणारे सहप्रवासी, हे सारे त्या अनिश्चिततेची किंमत वाटून घेत असतात. १६६० च्या त्या प्रवासाची किंमत तर शिवा काशीद आणि बाजीप्रभूंनी प्राण देऊन चुकती केली. म्हणून गीतेतील पाचव्या कारणाकडे केवळ मनःशांतीचा उपाय म्हणून पाहणे अपुरे ठरते. आपल्या पोहोचण्यात आपल्या हाती नसलेल्या गोष्टींचा आणि इतर माणसांचा वाटा आहे, हे ज्याला कळले त्याच्या स्वीकारातून ऋणाची जाणीव उत्पन्न झाली पाहिजे, आणि ती जाणीव पुढच्या वाटसरूला आधार देण्याच्या प्रत्यक्ष कृतीत उतरली पाहिजे. अन्यथा त्या स्वीकाराला आध्यात्मिक म्हणण्यास आधार उरत नाही.