हिशेबाचा दिवस व आपली मुले



परदेशी गेलेल्या धन्याचा दाखला आपणांस ठाऊकच आहे. त्याने तिघा दासांची कुवत पाहून एकास पाच हजार, दुसऱ्यास दोन हजार व तिसऱ्यास एक हजार सोपविले, आणि बहुत काळाने परत येऊन हिशेब घेतला. शाळेतही असा हिशेबाचा दिवस येतो. वर्ग चालू असता तोंडी प्रश्न, वही व कृती ह्यांवरून गुरुजी जी पारख करितात ते आकारिक मूल्यमापन. सत्र संपल्यावर शिकविलेल्या सर्व भागाची जी पारख होते ते संकलित मूल्यमापन. 2019 साली शिक्षणहक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा झाल्यावर नापास मुलास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली. महाराष्ट्राने 2023 साली तसा नियम केला.

ह्या निकालाने पुष्कळ घरी भय शिरते. पोर नापास झाले, आता शाळा कशाला, असे म्हणून मुलगा ऊसतोडीस व मुलगी घरकामास लाविली जाते. बंधूंनो, ही शिक्षा परीक्षेने दिली नाही, आपण दिली. कायदा तर सांगतो की, अशा मुलास अधिक शिकवावे व निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेस बसवावे. त्यातही ते उतरले नाही, तर त्याच वर्गात राहील. परंतु आठवी पुरी होईपर्यंत त्यास शाळेतून काढिता येत नाही.

दाखला पुन्हा नीट पाहा. पाच हजार मिळविणाऱ्यास जी शाबासकी मिळाली, तीच, शब्दही न बदलता, दोन हजार मिळविणाऱ्यास मिळाली. तिसऱ्यास दोष लागला तो थोडे मिळविल्याबद्दल नव्हे, तर भिऊन द्रव्य जमिनीत पुरल्याबद्दल. गणितात मागे राहिलेल्या मुलाचे द्रव्य थोडे असेल. पण भयाने त्यास शाळेतून काढणारा बाप ते पुरून टाकितो. आणि ते द्रव्य बापाचे नव्हे, धन्याचे आहे.

ह्यास्तव उपदेशक बंधूंनी निकाल लागताच अशा घरी जावे, व पुनर्परीक्षेची तारीख शाळेत विचारून आईबापांस कळवावी. मंडळीतील शिकलेल्या तरुणांनी ते दोन महिने प्रार्थनामंदिरात सायंकाळी वर्ग चालवावा. आईबापांनी गुणपत्रक पाहून मुलास मारू नये. कोणता पाठ कच्चा राहिला, एवढेच त्यातून समजून घ्यावे. शेवटल्या दिवशी धनी ह्या लेकरांविषयी विचारील, तेव्हा आपल्या हातांस माती लागलेली नसावी.